शिवेवरचा गाडा

औंढ्याच्या पलीकडच्या वाडीत मुसलमानाचं घर एकच होतं, पण त्याला तसं कुणी म्हणत नसे. 'पखाल्याचं घर' म्हणत. राजमहंमदच्या आज्यानं आणि बापानं लोणावळ्याच्या पेठेत पाणी वाहिलं, राजमहंमदही तेच करी. रेड्याच्या पाठीवर चामड्याची पखाल टाकून तो पेठेत जाई, बंगल्यांतले हंडे भरी आणि मग धूळ बसावी म्हणून बाजाराचा रस्ता शिंपी. माणूस आडव्या बांध्याचा, बोलायला कमी. पखालीचं तोंड मात्र तो स्वतःच्याच हातानं बांधी. बायकोला, जाहिदाला, त्याला हात लावू देत नसे. बाप त्याला सांगून गेला होता, "पानी कमी दे, उशिरा दे. पन पान्याबद्दल खोटं बोलू नगंस. लोक डोळं मिटून पित्यात."

ही गोष्ट मंदीच्या वर्षांतली. तांदळाला कुणी विचारीना. मुंबईच्या गिरण्यांतून माणसं परत येऊन ओट्यांवर बसली. लोणावळ्यातले बंगले हवा खायला येणाऱ्यांची वाट पाहत कुलुपात राहिले आणि पेठेनं रस्ता शिंपायचं बंद केलं. रेडा दावणीला उभा, पखाल वळचणीला वाळत पडलेली. चामडं तडकू नये म्हणून राजमहंमद तिला रोज तेलाचं बोट फिरवी.

त्याच सुमाराला वाडीत एक नवा शब्द आला. आधी शाळेच्या मास्तरांना काढलं, काटकसर, म्हणाले. मग महिन्याकाठी सायकलवरून येऊन विहिरीत तांबडं औषध टाकणारा कंपाउंडर यायचा बंद झाला, तीही काटकसर. पाणवठ्यावर सरुबाईनं राजमहंमदला हटकलं. सरुबाई म्हणजे वाडीतली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत तोंडाळ बाई.

"आरं राजमंमद, तू पेठंत फिरनारा मानूस. कोन रं ह्यो काटकसर साहेब? येकदा बगू तरी दे मेल्याचं तोंड."

"साहेब न्हाई मावशी. सरकार पैकं वाचवतंय, त्याला म्हनत्यात काटकसर."

"कुनाचं पैकं? माज्या तांदळाला गिऱ्हाईक न्हाई, पन सारा तर चुकला न्हाई. मंग वाचवतंय ते माजंच की!" बायका हसल्या. सरुबाईनं घागर कडेवर घेतली. "मरीआईची धाकटी भन दिसती ही काटकसर. गरिबाच्याच घरात पयली शिरती."

हे शब्द हवेत विरायच्या आत शिवेवर खडीच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. वरच्या टेकडीवर सरकारी पाहुण्यांसाठी बंगला बांधला होता. वैशाखात बडे साहेब दोन दिवस तिथं मुक्कामाला येणार होते, आणि त्यांच्या मोटारींसाठी लोणावळ्यापासून थेट बंगल्यापर्यंत पक्का रस्ता व्हायचा होता. शिवेवर मजुरांची पालं पडली. पालांखालच्या ओढ्याकाठी त्यांचं धुणं, भांडी आणि परसाकडही होऊ लागलं.

भिमाजी मुकादम स्वतः राजमहंमदच्या दारात आला. "पखालजी, रेडा काढा. रस्ता पाण्यावर बसतो. खडी टाकायची, मुरूम टाकायचा, पाणी पाजायचं आणि वरून रूळ फिरवायचा. पाणी कमी पडलं तर साहेबाच्या मोटारीला खडीच्या गोळ्या लागतील!"

जाहिदानं त्या दिवशी दारावर उदबत्ती लावली. राजमहंमद ओढ्यातून पाणी आणी आणि खडीवर ओती. दगड पाणी पिताना बारीक आवाज करी. रेड्याच्या हाडांवर पुन्हा मांस दिसू लागलं. पण चैत्र सरला आणि ओढा आटला. पालांखालच्या डोहात तेवढं हिरवट पाणी उरलं. मग भिमाजीनं निरोप आणला, की उद्यापासून पाणी वाडीच्या विहिरीचं.

"आन् वाडीनं काय प्यायचं?"

"बायकांनी पहाटे भरून घ्यावं. नंतरचं पाणी रस्त्याचं. हुकूम वरचा आहे, माझ्यावर डोळे काढू नका."

राजमहंमद विहिरीवर गेला. न जाऊन सांगतो कुणाला? तो नाही तर दुसरा कुणी पखाली येईल. सरुबाई काठावर बसलेलीच होती.

"या जावयबापू! सासुरवाडीची हीर हाय, उपसा. रस्त्याला लय तहान लागली आसंल."

खाली मान घालून त्यानं पखाल भरली. एके दिवशी जाहिदाच्या घागरीत तळाला गाळ आला. तिनं ती घागर न बोलता त्याच्यापुढं ठेवली. ती वाटेल ते बोलली असती तर त्याला सोसलं असतं.

तो रस्त्याचं काम पाहणाऱ्या ओव्हरसियरसाहेबांपुढं जाऊन उभा राहिला. साहेब तळहातासारख्या गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर छत्रीखाली उभे होते. "साहेब, वाडीला येक हीर खनून द्या. न्हाईतर रस्त्याचं पानी लोनावळ्यास्नं आना."

ओव्हरसियर माणूस वाईट नव्हता. त्यानं राजमहंमदच्या खांद्यावर हातही ठेवला. "पखालजी, काटकसरीचे दिवस आहेत. विहिरी कुठून खणणार? सरकारकडे पैसा आहे कुठं?" आणि वळून मजुरांना ओरडला, "त्या वळणावर पांढऱ्या चुन्याचे दगड दोन्ही बाजूंना लावा. साहेबांना वळण दिसलं पाहिजे."

राजमहंमद परत निघाला. चाळीस वर्षांत त्याला राग आला नव्हता असं नाही. पण हा राग वेगळा होता. तो पोटात जाऊन बसला, आणि उठेना.

त्या दिवशी दिवेलागणीला सरुबाईनं त्याला अंगणात बोलावलं. शेजारची नंदाबाई तिथं होती. मध्ये लाकडाचा छोटा गाडा होता. त्यावर शेंदूर फासलेला मरीआईचा पाट, कडुलिंबाचे ढाळे, हिरवा चोळीचा खण, काकणं, लिंबं. गावात पटकी आली की मरीआईचा गाडा ओढत शिवेबाहेर नेऊन सोडतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"कुनाला लागन झाली, मावशी?"

"कुनाला न्हाई. गाडा शिवंवर नेऊन सोडनार. पालातली मानसं भेतील आन् पळतील. रूळ थांबंल. हीर वाचंल."

"खोटाच गाडा?"

"आई समजून घील. तिलाबी पानी लागतं." सरुबाईनं पाटावरचं लिंबू सरळ केलं. "पन आमी सांगितलं तर भिमाजी म्हनंल, कामात खोडा घालत्यात. तू सांग. तू त्यांच्या कामावरचा, पान्याचा मानूस. पखाली म्हनाला पान्यात दोष हाय, तर कोन न्हाई म्हनंल?"

राजमहंमद उठून उभा राहिला. "येवडं सांगू नगा, मावशी. बापाची शपथ हाय."

"बापाची शपथ वाडीला पाजतोस का मंग?"

नंदाबाईच्या मांडीवर तिची तान्ही लेक होती. ती कोरड्या ओठांनी चुटचुट आवाज करत होती. राजमहंमदनं तिच्याकडे पाहिलं, आणि होकारार्थी मान हलवली.

सकाळी गाडा शिवेवर दिसला. राजमहंमद भिमाजीपुढं जाऊन म्हणाला, "वाडीत दोन मानसं गेली. हिरीचं पानी बिघडलंय." शब्द त्याच्या तोंडातून अगदी सहज बाहेर पडले, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. भिमाजीचा चेहरा पांढरा पडला. ऊन चढायच्या आत पालं रिकामी झाली. रूळ वाटेत जागच्या जागी उभा राहिला. वाडीतल्या बायकांनी भर दुपारी विहिरीवर गाणी म्हटली. सरुबाईनं राजमहंमदच्या नावानं नारळ फोडला आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा जाहिदाच्या हातावर ठेवला.

विहिरीला झरे फुटू लागले. पाणी एकेक पायरी वर चढलं.

मग सरकार आलं.

इतक्या दिवसांत वाडीत कधी आलं नव्हतं इतकं सरकार त्या सकाळी आलं. शिपायांची तुकडी, दोन तंबू, चुन्याच्या गोण्यांनी भरलेल्या गाड्या, काटेरी तार. डॉक्टर मात्र त्यात कुणी नव्हता. घरांत कोण आजारी आहे, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. शिपायांनी विहिरीत गोण्यांवर गोण्या चुना रिचवला, वर फळ्या ठोकल्या, भोवती तार ओढली. लागण टेकडीवरच्या पाहुण्यांपर्यंत जाऊ नये, असा बंदोबस्त होता.

राजमहंमद धावत तंबूत गेला. "साहेब, मी खोटं बोललो. वाडीत कुनी मेलं न्हाई. पानी चांगलं हाय."

शिपायांच्या जमादारानं चहाची बशी खाली ठेवली. "भीतीनं आता उलट बोलतोयस. सगळे असंच बोलतात. लागण वर कळवली गेली आहे. आता ती आहे."

"आवो, पन न्हाईच की ती!"

"मोटारी जाईपर्यंत आहे," जमादार म्हणाला.

त्याच दुपारी लोणावळ्याकडून बैलगाड्यांची रांग आली. प्रत्येक गाडीवर लोखंडी टाकी, आणि टाक्यांतून पाणी डुचमळून बाहेर उडत होतं. नवे मजूर आले, रूळ सुरू झाला. गाड्या वाडीवरून, तार ओढलेल्या विहिरीवरून पुढं जात होत्या. बायका दारांत उभ्या राहून पाहत होत्या. कुणी शिवी दिली नाही. सरुबाईसुद्धा एवढंच म्हणाली, "म्हंजी पानी व्हतं."

नंदाबाईला जुनी म्हण आठवली, "आजार रेड्याला आन् डाग पखालीला."

वाडी डोहाच्या हिरवट पाण्यावर गेली. राजमहंमदनं सगळ्यांना बजावलं, ते पिऊ नका, वर पालं होती. मग तो स्वतः रेडा घेऊन निघाला. दूर डोंगरकडेला एक झरा होता, तिथून तो पखाल भरून आणी. पण एक पखाल आणि अख्खी वाडी. एकेका घराला तांब्याभर पाणी येई. तहान तांब्यात मावत नाही. बायका त्याची पाठ फिरली की घागरी घेऊन डोहाकडे उतरत. त्याला ते ठाऊक होतं. तो कुणाला काय म्हणणार?

साहेबांच्या मोटारी यायच्या त्या दिवशी तो झऱ्यावरून परतला, तर नव्या रस्त्यावर दर वळणाला शिपाई उभा. "वाडीच्या माणसानं रस्त्यावर पाय ठेवायचा नाही." त्यानं रेडा खाली उतरवला आणि काट्याकुट्यांतून, दगडगोट्यांतून वाडी गाठली. रेड्याचे पाय फुटले होते.

सरुबाई रोज पखालीची वाट पाहत अंगणात असे. आज अंगण रिकामं होतं. जाहिदा आत तिच्या उशाशी बसली होती. सरुबाईचे डोळे खोल गेले होते, गाल आत ओढले होते. लुगडं, वाकळ, सगळं भिजलेलं होतं.

"सकाळधरनं चाललंय," जाहिदा म्हणाली. "उलट्या आन् जुलाब. थांबंचना."

सरुबाईनं त्याचा आवाज ओळखला. "राजमंमद, पानी कुटलं रं?"

"झऱ्याचं हाय मावशी. चांगलं हाय."

तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तोंड उघडलं. त्यानं तिला पाणी पाजलं, ते तसंच बाहेर आलं. तो उठला आणि तंबूकडे पळाला.

"जमादारसाहेब, वाडीत लागन झाली. खरी! डाक्टर पाठवा."

जमादार पट्टा कसत होता. "लागण झाली ती मागंच झाली. तूच सांगितलीस. तिचा बंदोबस्त झाला."

"आवो, मानूस मरतंय!"

"आणि डॉक्टर कुठून आणू? या भागातली डॉक्टरची जागाच काटकसरीत गेली." लांबून भोंगा वाजला. जमादारानं त्याला खांद्याला धरून तंबूच्या मागं ढकललं आणि स्वतः रस्त्याच्या कडेला ताठ उभा राहिला. मोटारी एकामागून एक गेल्या. काचा बंद होत्या. रस्ता इतका चांगला झाला होता, की चाकांचा आवाजही आला नाही, धूळही उडाली नाही.

राजमहंमद वाडीत परतला, तेव्हा जाहिदा सरुबाईच्या दारात उभी होती. तिनं नुसती नकारार्थी मान हलवली. घरात सरुबाई निपचित पडली होती, श्वास थांबलेला. त्यानं पखालीचं तोंड सोडलं आणि उरलेलं पाणी जाहिदानं पुढं केलेल्या हंड्यात ओतायला लागला. एवढ्यात शेजारच्या घरातून नंदाबाईनं हाक मारली. ती लेकीला घेऊन बाहेर येत होती, आणि लेकीची मान तिच्या हातावर एका बाजूला कलली होती.