जुनी सिस्टिम आणि आत्याचा अंगठा

चूक भाच्याची होती, आणि तो भाचा म्हणजे हे लिहिणाराच, त्यामुळे तिच्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. आत्याच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर कित्येक वर्षं एक चौकट उगवायची: ‘नवीन सिस्टिम टाकू का?’ दारावरच्या विक्रेत्याला वाटेला लावावं तशी आत्या ‘नंतर’ दाबून तिला घालवायची. ती चहा टाकायला आत गेली आणि भाच्याने ‘हो’ दाबलं.

लॅपटॉप नटूनथटून पुन्हा उभा राहिला खरा, पण त्याच्यावरून डिझाइनं घेणाऱ्या भरतकामाच्या मशीनला ओळखच दाखवेना.

नवरा गेल्यावर आत्याने याच मशीनवर घर चालवलं. कपड्यांवर नावं भरायची. आता बालवाडीच्या ॲप्रनांचा गठ्ठा समोर पडला होता, प्रत्येकावर एकेका मुलाचं नाव. सकाळी पोचले नाहीत, तर वर्षभराचं काम समोरच्या दुकानात जाणार होतं.

आत्याने मशीनच्या कंपनीला फोन लावला. तिथला पोरगा गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, तुमचं मॉडेल जुनं झालंय. नव्या सिस्टिमवर नाही चालणार. नवीन मशीन घ्या.”

“का? हे मोडलंय का?”

“नाही, पण…”

आत्याने फोन आपटला आणि भाच्याकडे वळली. “जिथून आणलीस तिथे नेऊन टाक ती भवानी. माझी जुनी मला परत पाहिजे!”

भाच्याने तिची डिझाइनं आधी फोनमध्ये काढून घेतली, स्वतःच्या लॅपटॉपवरून जुनी सिस्टिम पेनड्राइव्हवर चढवली आणि तो आत्याच्या लॅपटॉपला लावला. काम सुरू झालं, जरा सरकलं, बंद पडलं. पुन्हा तेच. लॅपटॉपची खाच सैल झाली होती. पेनड्राइव्ह हलला की सगळं पहिल्यापासून.

“सरक,” म्हणत आत्याने खुर्ची ओढली आणि पेनड्राइव्ह अंगठ्याने दाबून धरला.

पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी निघाली. तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचा तोच पोरगा. भाच्याने स्पीकर लावला.

“मॅडम, नव्या मशीनवर सवलत आहे…”

“अरे बाबा, माझं मशीन अजून एक टाका चुकत नाही. ते धडधाकट, मी धडधाकट, आणि तिथे बसून आम्हाला बाद ठरवणारे तुम्ही कोण? विकताना म्हणालात, आयुष्यभर चालेल. कुणाचं आयुष्य धरलं होतंत, डासाचं?”

“मॅडम, कंपनीचं धोरण आहे.”

“मग धोरणाला सांग, सकाळी बालवाडीच्या दारात उभं राहा आणि तिथल्या बाईंना तोंड दे!”

“आत्या, हलू नकोस!” भाचा कळवळला.

“तोंड हलतंय. अंगठा जागेवर आहे.”

अखेर ओळखीचा जुना पडदा उजळला. भाच्याने डिझाइनं परत चढवली, वायर जोडताच मशीन जागं झालं आणि निळ्या ॲप्रनवर पहिलं नाव खटखटत उमटलं. आत्या पांढराफटक अंगठा चोळत बसली.

“आता तरी हास की गं.”

“कशाला? माझंच होतं ते मला परत मिळालं, आणि वर दिवस गेला फुकट!”

मशीन एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये धागा सोडतं; तो कात्रीने कापावा लागतो. ते काम अर्थातच भाच्याच्या गळ्यात पडलं. त्याची परतीची गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा थोडे ॲप्रन उरले होते. ते आत्याने उरकले आणि ॲप्रन वेळेवर पोचले. पण अजूनही फोन केला की आत्या तब्येतीच्या आधी तेच काढते: “तेरा ॲप्रनांचे धागे तुझ्याकडे निघतात. केव्हा येतोस?”

भाचा अजून तिकडे गेलेला नाही.