स्वयंपाकघरातलं स्टूल

फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. हॉस्पिटलमधून आमचे हे बोलत होते, आणि त्यांनी नुसतं ‘शालिनी...’ म्हटलं तेव्हाच मला कळलं. दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी मी तशीच उभी. सुमित्राक्का असत्या तर आधी गॅस बंद करायला लावला असता आणि मग विचारलं असतं, ‘आता सांग, काय झालं?’ त्या माझ्या थोरल्या नणंद. लग्न केलं नाही. म्हैसूरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि शेवटपर्यंत सरस्वतीपुरमच्या या घरात आमच्याबरोबर राहिल्या. जाऊन महिना उलटला, तरी चहा टाकताना पाण्याचा अंदाज अजून एका कपाने चुकतो.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन इथे आले तेव्हा या घरातलं मराठी ऐकून पदर तोंडाला लावून हसायची. निम्मं वाक्य मराठी, निम्मं कानडी, आणि शेवटी ‘अल्लवा?’, म्हणजे ‘नाही का?’, हे ठरलेलं. अक्कांना ते कळायचं. ‘हस, हस,’ म्हणायच्या, ‘स्वल्प दिवसांनी तूबी असंच बोलशील.’ तसंच झालं. घर शिंप्याचं, पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाचं. सासऱ्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि सासूबाईंचं राज्य स्वयंपाकघरात. आंघोळ केल्याशिवाय आत पाऊल नाही, आणि परका माणूस तर उंबऱ्याच्या अलीकडेच. पाहुण्याचा पाहुणचार दणकून व्हायचा, पण सगळा बाहेरच्या खोलीत. दुसऱ्याच्या घरी गेलं तरी तोच नियम. बोलावल्याशिवाय कुणाच्या चुलीपाशी डोकवायचं नाही, म्हणजे मुलीला वळण आहे असं समजायचं. अक्कांना हे वळण चांगलंच लागलेलं होतं. ते त्यांना केवढ्याला पडणार, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

नव्वद सालानंतर व्यापार खुला झाला. पेपरात रोज त्याचीच चर्चा, एक जण म्हणणार देश तरला, दुसरा म्हणणार बुडाला. अक्का दोघांवरही चिडायच्या. ‘बसून काय बोलतात, सुम्मे? जाऊन बघावं,’ हे त्यांचं पालुपद. सुम्मे म्हणजे उगाच. तशी संधी आली. एका संस्थेला पिरियापट्टणकडच्या तंबाखूच्या गावांचा अभ्यास हवा होता. परदेशातून मागणी वाढली, त्याने गावात पैसा किती आला, माणसांचं जगणं कसं बदललं आणि झाडाझुडपांचं काय झालं, या तिन्ही गोष्टी एकत्र तपासायच्या होत्या. अक्का सुट्टी मिळेल तेव्हा बसने जायच्या आणि धुळीने माखून परत यायच्या. जेवताना सगळं सांगायच्या. कौलं जाऊन स्लॅब आले, पोरी कॉलेजला जायला लागल्या. पण पानं वाळवायच्या उंच भट्ट्यांना लाकूड लागतं, आणि बांधावरची झाडं संपल्यावर ते लॉरीतून यायला लागलं. त्या लॉऱ्यासुद्धा त्यांनी रस्त्यावर उभं राहून मोजल्या होत्या. मला ते सगळं समजायचं असं नाही, पण त्यांचं तोंड बघून जेवण लांबवायची.

अहवाल गेला, पसंत पडला, छापायलाही निघाला. पुढच्या मोठ्या अभ्यासाचं प्रमुखपद अक्कांनाच मिळणार असं बोललं जात होतं. आमच्या ह्यांनी तर पेढे आणून ठेवले. त्याच सुमारास अक्का पुन्हा पिरियापट्टणला गेल्या, कामासाठी नव्हे, गौरम्माच्या मुलीच्या साखरपुड्याला. गौरम्मा तिथल्या एका शेतकऱ्याची बायको. तिच्या दारापुढच्या ओट्यावर बसून अक्कांनी कितीदा कॉफी घेतली होती. त्या दिवशी ओट्यावर पुरुषमंडळी दाटीवाटीने बसलेली. अक्का अवघडून उभ्या राहिलेल्या पाहून गौरम्माने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, ‘ओळगे बन्नी अक्का,’ म्हणजे आत या. आणि सरळ स्वयंपाकघरात नेलं.

घरी आल्या तेव्हा डोळे लालभडक. मला वाटलं, वाटेत काही झालं. पाणी दिलं तर आधी डोळ्यांवर मारलं. मग म्हणाल्या, ‘शालिनी, तिथं मला डोळे उघडवेनात ग. लाकूड सगळं भट्टीला जातं. चुलीत ह्या बायका तंबाखूची वाळकी धाटं जाळतात. त्याचा धूर... आणि बाजूला बाळंतीण बसलेली.’ मी म्हटलं, अहो, मग तुम्ही हे अहवालात लिहिलं असेलच की. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘मी आत गेलेच नव्हते,’ म्हणाल्या. ‘एकाही घरात. बायकांचं बरं चाललंय असं लिहिलं मी. ओट्यावर बसून.’

मला आजही वाटतं, दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. तसा खोटेपणा काही नव्हता. ऐकलं ते खरं लिहिलं होतं, आणि दुसऱ्याच्या चुलीकडे न बघणं हा तर आमच्याकडे सभ्यपणा! पण अक्का सुट्टी टाकून पुन्हा त्या गावांना गेल्या. या वेळी प्रत्येक दारात म्हणायच्या, ‘मला आत बसवा.’ बायका आधी लाजल्या, मग बोलायला लागल्या. खोकला, डोळे, पावसाळ्यात भट्टीसाठी ओली पानं ओवता ओवता सडलेली बोटं. परत येऊन अक्कांनी संस्थेला फोन केला. मी शेजारी भाजी निवडत होते. मला एकच बाजू ऐकू येत होती. ‘हो सर, माहीत आहे स्वीकारलाय... नाही, पुरुषांनी खोटं नाही सांगितलं... व्यापार वाईट असंही मी म्हणत नाही. त्याच पैशात पोरी शिकल्यात... पण बायकांचं जे लिहिलंय ते चूक आहे. माझी चूक... तर मग अहवालावरून नाव काढून टाका माझं.’ फोन ठेवला आणि माझ्यापुढची गवार ओढून निवडायला लागल्या. आमचे हे म्हणाले, ‘अक्का, कोण वाचतंय तो अहवाल?’ तर म्हणाल्या, ‘मी वाचलाय, अल्लवा?’

शेवटी संस्थेने त्यांची दुरुस्ती मागच्या पानांत, बारीक अक्षरात छापली. आरंभीच अक्कांनी लिहिलं होतं की बायकांविषयीची माहिती मी ओट्यावर बसून घेतली, स्वयंपाकघरात गेले नाही, हा दोष माझा. मोठा अभ्यास दुसऱ्याकडे गेला. पेढे आम्हीच खाल्ले. त्यांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या माझ्या डोळ्यांत मोठ्या झाल्या त्या तेव्हा, आणि हे त्यांना कधी तोंडावर सांगितलं नाही म्हणून इथे लिहिते आहे.

पुढे गौरम्मा डोळे दाखवायला म्हैसूरला आली. अक्कांनी तिला घरी आणलं आणि बाहेर न बसवता थेट स्वयंपाकघराच्या दारात नेलं. सासूबाई नैवेद्याचं करत होत्या. अक्का म्हणाल्या, ‘आई, हिनं मला आत नेलं होतं.’ एवढंच. सासूबाईंनी कढईतलं परतून घेतलं, मग कोपऱ्यातलं लाकडी स्टूल त्यांनी पायानेच पुढे सरकवलं आणि मला म्हणाल्या, ‘उभी काय राहिलीस सुम्मे, बस म्हण तिला!’ त्या दिवसापासून ते स्टूल शेगडीच्या ओट्याशेजारीच राहिलं. अक्कांकडे कुणीही येवो, विद्यार्थी, प्राध्यापक, जनगणनेला आलेली बाई, सगळे तिथेच बसायचे.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या आणि अक्कांच्या विद्वत्तेविषयी बरंच काही बोललं जात होतं. गौरम्मा आली, आता पार थकलेली, मुलीचा हात धरून. कुणीतरी तिला खुर्ची दिली. तिने हात जोडले आणि ती चाचपडत आत आली, स्टुलावर बसली. मी कॉफी केली. तिने कप दोन्ही हातांत धरला, माझ्या ओट्यावरून, शेगडीवरून, भांड्यांवरून हळूहळू अधू नजर फिरवली आणि कानडीत म्हणाली, ‘अक्का गेल्या... आता आमच्याकडे आत कोण येणार?’

मी आजवर पिरियापट्टणला गेलेले नाही. अर्थशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि म्हटलं, ‘मी येते.’