इमामसाब वाटाड्या घेत नाहीत

माझे अब्बा, इमामसाब, वय चौसष्ट, राहणार भवानी पेठ, सोलापूर. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी चहाच्या बशीतून तोंड वर काढून जाहीर केलं की ते नेपाळात मासे धरायला जाणार आहेत. पाठीवर पिशवी, हातात काठी, सोबत जुने दोस्त बसप्पा. वाटाड्या नाही.

घरात आमची बोली दखनी. पण अब्बांचं उभं आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात गेलं. तिथं तेलुगू, कानडी, मराठी सगळं एका छपराखाली चालायचं. त्यामुळे काही मोठं सांगायचं असलं की ते मराठीत शिरतात, आणि तेही आपल्या मराठीत.

"तितं डोंगरातनं थंड पान्याची नदी येती," ते म्हणाले. "धा दिवस काठाकाठानं चालायचं. मासं धरायचं, सोडून द्यायचं. तंबू हाय. कुनाच्या मागं मागं जायचं न्हाय."

"सोडून द्यायचं?" अम्मानं विचारलं. माझ्या आईला, कमरुन्निसाला, सगळ्या बेतात तेवढंच खटकलं होतं.

मला मात्र पुढचं खटकलं. मी महापालिकेच्या शाळेत सातवीला शिकवते. चाळीस मुलांची सहल हिप्परग्याच्या तळ्यावर न्यायची तर मी तीन शिक्षक आणि दोन दोऱ्या बरोबर घेते. आणि हे दोन म्हातारे परक्या देशाच्या डोंगरात एकटे जाणार म्हणे. एकाला शाळा चौथीपर्यंतची, दुसऱ्याला फोनमध्ये फक्त हिरवं बटण ठाऊक.

अब्बांच्या कामाबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अब्बा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, सांधायचे. मागावरचा ताणा संपत आला की नवा चढवतात, आणि जुन्याचा एकेक धागा नव्याच्या धाग्याला गाठ मारून जोडावा लागतो. चादरीच्या एका मागाला दोन-अडीच हजार धागे. चिमटीला राख लावून अब्बा बसायचे आणि दुपारच्या जेवणाआधी हात झटकून उठायचे. त्यांची गाठ डोळ्यांना दिसायची नाही, बोटाला लागायची. ती मागाच्या फणीतून सळसळत निघून जायची आणि सुटायची तर कधीच नाही. शुक्रवार पेठेपासून पार औद्योगिक वसाहतीपर्यंत मालक त्यांना निरोप धाडायचे. चाळीस वर्षांत आपली एक गाठ सुटली नाही, हे अब्बा स्वतः कधी बोलले नाहीत. बसप्पा बोलायचे. बसप्पा त्याच कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारे. मूळचे अक्कलकोटकडचे. चार वाक्यं मराठीत बोलले की पाचवं कानडीत.

मासे धरायचा नाद दोघांना आधीपासून. सुट्टीच्या दिवशी गळाला कणकेची गोळी लावून तळ्यावर बसायचे. निवृत्तीनंतर माझा भाऊ आसिफ यानं एकदा फोनवर एक गोरा माणूस दाखवला. तो नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहून लांब दोरी हवेत फिरवत होता. दोरीच्या टोकाला दोऱ्याची आणि पिसांची बनवलेली खोटी माशी. अब्बांनी ते चार वेळा पाहिलं.

"ह्यो बाबा दोऱ्यानं मासा फसिवतोय," ते म्हणाले, आणि तिथून त्यांचं घरात लक्ष उरलं नाही.

नईमच्या चिकनच्या दुकानातून कोंबड्याच्या मानेची पिसं आली, कारखान्यातून रेशमी धाग्याच्या उरलेल्या कांड्या आल्या. गळावर धागा गुंडाळून अब्बा अशा माशा बनवायला लागले की अम्मानं दोन वेळा पंख्यानं हाकलल्या. फोनवरून काठी आणि दोरी मागवली. मग गच्चीवर सराव. पहिल्याच आठवड्यात गळ शेजारच्या शिवबाईंच्या वाळत घातलेल्या इरकलीत रुतला. शिवबाई कंबर कसून भांडायला आल्या. अब्बांनी एक धागा न तुटू देता गळ काढून दिला, तेव्हा त्या चहा पिऊन गेल्या.

बेत मात्र गमतीवारी नव्हता, हे मान्य करायला मला महिना लागला. अब्बांनी शंभर पानी वही केली होती. गाडीनं गोरखपूर, तिथून बसनं सीमा, मतदार कार्ड दाखवून पलीकडे, मग पुन्हा बस. नियमानं वाटाड्या लागणार नाही असं गावरस्त्याचं खोरं त्यांनी मुद्दाम निवडलं होतं. परवान्याची चौकशी फोनवरून झाली होती. नदीवरचा प्रत्येक झुलता पूल नकाशात शोधून वहीत काढला होता, प्रत्येक गावापुढे अंतर. "पाट्या मला वाचाय येत्यात," ते म्हणाले. "नेपाळीची अक्षरं आपलीच हायती." खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, महिनाभर न विटणारी. पिशव्या चादरीच्या दुकानातल्या काट्यावर तोलून अकरा-अकरा किलोवर आणायचं चाललं होतं. बसप्पांची चौदावर अडकली होती, कारण त्यांना झोपायला सोलापुरी चादरच हवी होती.

"सगळं ठीक आहे, पण वाटाड्या घ्या," मी म्हटलं. आसिफचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. त्यानं ट्रकवाल्यांच्या ओळखीतून तिकडच्या एका भल्या माणसाचा नंबरही काढून ठेवला होता.

अब्बांनी वही मिटली. "अनिसा, चाळीस वर्सं मी दुसऱ्यानं लावलेलं धागं जोडलं. रंग त्यांचा, नक्षी त्यांची. ही एक वाट मला माजी लावू दे की."

मला गलबलून आलं. पण मी शिक्षिका आहे. गलबलून आलं तरी अट घालते.

अट अशी. भीमेच्या काठानं तीन दिवस चालायचं, नेपाळात न्यायचं तेच सामान घेऊन. घरी फोन नाही, कोणाला वाट विचारायची नाही. यातलं किंवा सामानातलं काहीही फसलं तर नेपाळात वाटाड्या. "शब्द?" मी विचारलं.

"शबूद," अब्बा म्हणाले. आमच्या घरात अब्बांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. म्हणूनच मी तो मागितला. मनातून मला खात्री होती की काहीतरी फसेलच. तंबू पडेल, बसप्पांचा गुडघा धरेल, भाकरी संपेल. मी डाव टाकला होता, हे आज कबूल करते.

जानेवारीत दोघं भीमेकाठच्या टाकळीला बसमधून उतरले आणि नदीनं खाली चालायला लागले. तीन दिवस मी वर्गात हजेरी घेताना दोनदा चुकले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं परत आले. चेहरे रापलेले, चालणं ताठ. बसप्पा दारातूनच सुरू झाले. तंबू कसा लागला, पूल ओलांडून पलीकडे कर्नाटकात मुक्काम कसा केला. "सीमापार तर आमी जाऊन बी आलो, अनिसाबाई," ते म्हणाले. "कुटं म्हंजे कुटं काय फसलं न्हाय."

अब्बांनी पाय धुतले, खाटेवर बसले, आणि म्हणाले, "फसलं."

"इमामसाब, ऱ्हाऊ द्या की," बसप्पा हळूच म्हणाले.

अब्बांनी खिशातून वीतभर नायलॉन दोरी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका डोहात त्यांच्या पिसाच्या माशीला मरळ लागली होती. हातभर लांब. बसप्पांनी इथं मध्येच हात पसरून ती दीड हात केली. अब्बांनी तिला हळूहळू काठाजवळ आणलं, आणि एकाएकी दोरी सैल पडली. मासा गेला, माशी गेली.

"तुटली ना मग," मी म्हटलं. "दोरी तुटते. त्यात काय?"

"टोक बघ," अब्बा म्हणाले. मी पाहिलं, मला काही कळलं नाही. "तुटल्यालं टोक ताठ आस्तं, चिरफाळतं. हे वळलंय बघ. गाठीत हुतं तसं वळलंय. तुटली न्हाय. सुटली."

बसप्पांनी मान खाली घातली.

जाड दोरीला बारीक दोरी जोडायला अब्बांनी आपली तीच गाठ मारली होती. दुसरी गाठ हवी असेल असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. ज्या हाताची गाठ चाळीस वर्षं सुटली नाही तो हात कशाला कोणाला विचारेल? वर सवयीनं टोकंही गाठीलगत कापली होती, फणीतून जायचं असल्यासारखी. "सुताला केस असत्यात," ते मला समजावून सांगत होते, आणि आवाज अगदी सरळ होता. "सूत सुताला धरतंय. नायलॉनला केस न्हाईत. ते कुनालाच धरत न्हाय. एवडं मला कळाय पायजे हुतं."

"मी म्हनलं त्यांला, दगडाला घासून तुटली म्हना," बसप्पा म्हणाले. "कोन बघाय आलंय? दिवसभर माझ्याशी बोलले न्हाईत."

तिसऱ्या दिवसाची सगळी सकाळ अब्बांनी एका बाभळीखाली काढली होती. मागवलेल्या दोरीवर कंपनीनं मारलेली एक गाठ होती. ती सुईच्या टोकानं उकलायची, वेढे मोजायचे, पुन्हा तशीच मारायची. किती वेळा, ते त्यांनी सांगितलं नाही. बसप्पांनी सांगितलं, "भाकरीला हाक मारून मारून माजा घसा बसला."

मग अब्बांनी माझ्यासमोर दोन तुकडे घेतले. वेढे दिले, ओठांनी ओले केले, सावकाश ओढले आणि माझ्या हातात दिले. मी सगळा जोर लावून ओढलं. माझ्या बोटांवर लाल वळ उठले. गाठ जागची हलली नाही.

"आता लाव त्या मानसाला फोन," अब्बा म्हणाले. "शबूद दिलाय मी."

मला हवं होतं ते झालं होतं. मी नंबर काढला. अब्बा भिंतीकडे बघत होते, आणि वही त्यांच्या मांडीवर होती. मी बटण दाबलं आणि घंटा वाजायच्या आत कापलं. "लागत नाही," मी म्हटलं.

"परत लाव."

मी शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना उभं करते. इथं चौसष्ट वर्षांचा माणूस स्वतःहून उभा राहिला होता, आणि खोटं मी बोलत होते. मला माझीच लाज वाटली, आणि त्यांचा इतका अभिमान वाटला की मी फोन खाली ठेवला.

"अब्बा, शब्द तुम्ही कोणाला दिला होता?"

"तुला."

"मग तो माझा आहे. मी सोडला. वाटाड्या नको."

अब्बा भिंतीकडून माझ्याकडे वळले. "तितं काय फसलं तर?"

"फसू दे. मला वाटायचं तुम्ही लपवाल आणि पुढं जाल. डोंगरात माणूस त्यानंच मरतो. तुम्ही लपवत नाही. जिथं फसेल तिथं थांबाल, उकलून बघाल, आणि घरी येऊन सांगाल. मला एवढं पुरे."

अब्बांनी वही उघडली आणि उगाच पानं चाळली. डोळे पुसायला त्यांना काहीतरी आडोसा हवा होता. अम्मानं बसप्पांना जेवायला वाढलं आणि विचारलं, ती दीड हाताची मरळ नेपाळात असती तर तीही सोडून दिली असती का.

मार्चमध्ये दोघं निघाले. आदल्या दिवशी आसिफनं ट्रकबरोबर देतात तो छापील कागद आणला. गाडी, ड्रायव्हर, क्लीनर, माल, मुक्काम. "घरात एक प्रत राहू दे," तो म्हणाला. मुक्काम मी वहीतून उतरवले. ड्रायव्हरपुढे अब्बांचं नाव लिहिलं. बसप्पांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. "मला किलीनर केलासा व्हय?" ते म्हणाले. अब्बांनी पेन मागून घेतलं, क्लीनर शब्दावर काट मारली आणि बसप्पांचं नाव आपल्या नावाशेजारी लिहिलं.

सोलापूर स्टेशनावर गाडी सुटली तेव्हा खिडकीतून गळाची काठी ठेवायची नळी बाहेर आली होती. तिकीट तपासनीस त्यांना ती आत घ्यायला सांगत होता. माझ्या शेजारी पोतं घेऊन उभी असलेली एक बाई, बोलण्यावरून नातेपुत्याकडची वाटली, तिनं विचारलं, "कोन गेलं, बाई?"

"माझे वडील. नेपाळला."

"लई लांब की. कोन घिऊन चाललंय त्यास्नी?"

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि ते इतक्या मोठ्यानं म्हटलं की पुढं निघालेला आसिफ मागे वळला. "ते स्वतःच चाललेत."