साहेबांच्या सिनेमाचा शेवट

आमचे साहेब इंग्लंडचे, पण मराठी बोलायचे ते थेट गुंजवण्याच्या वरच्या धनगरवाडीचं. भोरच्या बँकेत मॅनेजरला त्यांनी एकदा शांतपणे सुनावलं, "तुमी लई ताटकळत ठिवता." सगळी बँक हसली. आपलं चुकलं काय, हे साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

हे मराठी त्यांना धोंडीबांनी शिकवलं. वाडीवर एकटेच राहून मेंढरं राखणाऱ्या धोंडीबांचं खरंखुरं जगणं हाच त्यांच्या सिनेमाचा विषय. कुठल्या कंपनीच्या दारात न जाता, तिकडचं राहतं घर विकून साहेबांनी तो केला. आता विलायतेतल्या थिएटरांत तो लावणारा वितरक तेवढा मिळत नव्हता.

परत जायला घर नाही, म्हणून ते माझ्या माडीवर भाड्याने राहत, तिथूनच पत्रव्यवहार चाले. तिकडे सकाळ होते तेव्हा आपली दुपार. जेवण झालं की ते लॅपटॉप उघडून बसत. नकार आला की खाली येऊन विचारत, "नाना, च्या करू का?" मी कोर्टातून निवृत्त झालेला एकटा माणूस. त्या नकारांची मी वाट पाहायला लागलो होतो, हे कबूल करतो.

अखेर एक वितरक तयार झाला. त्याची अट एकच होती, शेवटी धोंडीबांचा मुलगा घरी परत आलेला दाखवा. मुलगा पुण्यात, सहा वर्षांत वाडीकडे फिरकला नव्हता. साहेबांनी तिथल्या तिथे नकार कळवला आणि मला घेऊन वाडीवर गेले. "बाबा, म्या खोटं दावनार न्हाई," वितरकाची अट सांगून त्यांनी मोठ्या अभिमानाने म्हटलं.

धोंडीबा एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. तो निघाल्यावर म्हणाले, "मला इचारायचं हुतं. शूटिंगसाटी तरी आला आस्ता."

घरी येताच साहेबांनी वितरकाला पुन्हा लिहिलं. आठवड्याने उत्तर आलं, त्याने दुसरा सिनेमा घेतला होता.

महिन्याभरात साहेब इंग्लंडला बहिणीकडे गेले. दुसरा भाडेकरू ठेवायला माझं मन होत नाही. दर रविवारी त्यांचा फोन येतो. सिनेमाचं नाव काढत नाहीत, पहिला प्रश्न एकच, "बाबांचं पोरगं आलं का?" दर वेळी 'नाही' म्हणणं मला जड जायला लागलं. परवा म्हणालो, "आला होता. दोन दिवस राहिला."



"नाना," पलीकडून ते म्हणाले, "त्यो डिस्ट्रिब्यूटर बी ह्येच मागत हुता."