न्हाणीच्या पाण्यावरची केळ

आमच्या सांदवाडीला विहिरीचं पाणी कधी कोणी घातलं नाही. सांदवाडी म्हणजे घरामागची कुंपणातली जागा. गडचिरोलीच्या वाटेवरच्या आमच्या गावात ती प्रत्येक घराला होती. विहिरीचा उन्हाळ्यात तळ दिसायचा, तेव्हा विहीर माणसांची. झाडांनी प्यायचं ते माणसांनी वापरून झालेलं पाणी. मागच्या भिंतीला लागून न्हाणीचा दगड, त्याच्या पायथ्याशी केळ, मग धोपा, ज्याला पुण्याकडचे लोक अळू म्हणतात, मग वांगी-मिरच्या आणि पार कुंपणावर कारल्याचा वेल. आंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतलेलं, सगळं पाणी एकाच चरातून याच क्रमानं जायचं.

घर भरलेलं होतं तोवर ते कुंपणापर्यंत पोचायचं. वडील, माय, दोन बहिणी, मी. कारली एवढी लागत की शेजारीपाजारी वाटावी लागत, आणि शेजारी तोंड वाकडं करून घेत.

हल्ली शहरातले लोक गच्चीवर बाग करतात आणि मला विचारतात, जुन्या बागांना खत कोणतं असायचं हो? मी सांगतो, चुलीची राख, गोठ्यातलं शेण आणि घरातली माणसं. ते हसतात. मी विनोद केलेला नसतो. नळाला पाईप लावला की बाग हवी तेवढी मोठी करता येते, घरात कोणी असो नसो. आमची बाग घराएवढीच असायची.

मी नागपूरला शिकायला गेलो. आमच्या घराण्यात सही कोणाला येत नव्हती, अंगठेच. मी बी.ए. झालो. याचा अभिमान मला तेव्हा होता, आजही आहे, त्यात लाजायचं काय? पण मी शिकत होतो त्या वर्षांत बहिणी सासरी गेल्या आणि वडील वारले. चांद्याच्या शाळेत मास्तरकी मिळाली. पहिल्या उन्हाळी सुटीत घरी आलो आणि मागच्या दारातच थबकलो.

कुंपणावर वेल नव्हता. मिरच्यांच्या जागी भुई तडकलेली. धोपा होता, तोही पिवळा. हिरवी अशी एकटी केळ, न्हाणीच्या दगडाला चिकटून. एका माणसाच्या आंघोळीचं पाणी जिथवर जातं तिथवरच बाग उरली होती. माय एकटी राहते हे मला ठाऊक होतं. किती एकटी, ते तेव्हा दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची काकी खरकट्या भांड्यांची टोपली घेऊन आमच्याच न्हाणीवर आली.

"काऊन काकी, तुमची न्हाणी मोडली काय?"

"माही कायले मोडंल? तुही मायच बलावते मले रोज. म्हणते, भांडी इथीच घास, केळ जगते." मग मायकडे वळून, "माह्या खरकट्यावर पोसली तुही केळ. अर्धा घड माहा हाय, आताच सांगून ठेवतो."

"घे ना वो. पण राखीनंच घास. साबण आणशीन तं घड नाई."

दोघी हसल्या. भांडी संपेपर्यंत माय तिच्याजवळ बसून राहिली. केळीसाठी काकी यायची, की काकीसाठी केळ होती, हे मी विचारलं नाही.

काकी गेल्यावर मी म्हणालो, "माय, चाल चांद्याले. खोली हाय, नळ हाय. इथी कोणाच्या भरवशावर राह्यतं?"

"अन् हिले?" तिनं केळीकडे हनुवटी केली. "केळफूल आलं हाय. घड उतरला का येतो."

पावसाळ्यात घड उतरला तेव्हा मी तिला न्यायला गेलो. घड दिलेली केळ पुन्हा फळत नाही, ती तोडायची. मी तोडली. तिच्या बुंध्याशी उभं असलेलं पिल्लू माझ्या छातीला लागत होतं.

"हिचा घड उतरला का येतो," माय म्हणाली.

मी शेतकऱ्याचा पोरगा. केळीमागे केळ असतेच, हे मला कॉलेजात जाऊन शिकावं लागलं नव्हतं. मायलाही ते माहीत होतं. मी अर्धा घड काकीकडे पोचवला आणि एकटाच परतलो.

चांद्याच्या खोलीत माझ्या आंघोळीचं पाणी मोरीतून सिमेंटच्या नालीत जायचं. एकट्याच्या खोलीत पाण्याचा आवाज मोठा होतो. बादली पालथी केली की ते खळखळत जाताना ऐकू यायचं. कुणाच्याच मुळाशी न जाणारं पाणी.

मग मी एक सुरू केलं. शनिवारी शाळा सकाळची असे. त्या दिवशी मी पारोसाच शाळेत जायचो, आठवड्याचे मळके कपडे पिशवीत कोंबून, आणि शाळा सुटली की थेट मोटार धरायचो. मास्तरांच्या खोलीत चेष्टा व्हायची.

"काय बी.ए. साहेब, आज पुन्हा पारोसे?"

"घरी माह्या आंघोळीची वाट पाहून राह्यले," मी म्हणायचो. कोण, ते सांगत नसे. त्यांना वाटायचं, माझं कुठंतरी जमलं आहे.

घरी पोचेपर्यंत दिवस कलायचा. माय चुलीवर पाणी ठेवून दारात असायची. "आला काय बाबू," एवढंच. मी दगडावर बसायचो आणि ती तांब्यामागून तांब्या ओतायची, मळ निघून गेला तरी.

"बस झालं, माय."

"डोकं राह्यलं."

डोकं धुऊन झालेलं असायचं. मी मान खाली घालून बसून राहायचो. पाणी चरातून केळीकडे जायचं. तिचं पिऊन उरलं तर धोप्याकडे. त्याच्यापुढे कोरडं.