मोठ्यानं वाचलेले रिपोर्ट

दहा-बारा वर्षं एकाच दवाखान्यात, एकाच खुर्चीवर बसून लोकांना त्यांच्या रक्ताचे रिपोर्ट समजावत राहिलं की किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात. कुठल्याही कार्यात कोणी ना कोणी म्हणतंच, "मॅडम, सांगा ना दवाखान्यातला एखादा!" मी सांगते, लोक हसतात. हसू आलं की मी थांबते, पुढचं सांगत नाही. आज पुढचंही सांगते.

मी समुपदेशक. रायगडच्या दक्षिणेकडच्या एका छोट्या तालुक्यात आमचा सरकारी दवाखाना. टेक्निशियन कदमकाका रक्त काढतात आणि मी बोलते. विषय बहुतेक वेळा थॅलेसेमिया. हा आजार रक्तातून पिढ्यान् पिढ्या उतरतो. बिघडलेला जीन आई किंवा बाप, एकाकडूनच आला तर माणूस 'मायनर'. म्हणजे नुसता वाहक, बाकी ठणठणीत. दोघांकडून आला तर 'मेजर'. मग त्या लेकराला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. बस्स, एवढंच. एवढं सांगण्यातच मी किती घोळ घातलेत!

*

फॉर्मवर पहिला प्रश्न असतो : घरात कोणाला हा आजार आहे का? समोरचा माणूस म्हणाला, "न्हाय."

मी 'नाही' लिहिलं. कदमकाकांनी सुई लावता लावता सहज विचारलं, "भाऊ किती तुम्ही?"

"तिघं होतो. दोन लहानपनीच वारले."

"कशानं?"

"रक्त कमी पडत गेलं."

"अहो, मग मॅडमना 'न्हाय' काय सांगताय?"

"आता कोनाला हाय? आता न्हायच ना!"

आम्ही दोघंही हसलो. पण त्याचं काही चुकलं नव्हतं. 'आहे का' असं मीच विचारत होते. त्या दिवशी घरी जाताना एकच हिशेब डोक्यात होता : आजवर असे किती 'नाही' मी झटपट लिहून टाकले असतील?

*

एका आजीबाईंच्या नातवाला मेजर निघाला. आजी सुनेला घेऊनच आल्या, आणि दारातूनच सुरू झाल्या. "आमच्या घरान्यात असलं कायबी न्हाय. हिनं आनलं म्हायेराहून!"

सून खाली मान घालून उभी. मला राग आला. मी सगळ्या घराचं रक्त तपासायला लावलं. सून मायनर, मुलगा मायनर, आणि आजीसुद्धा मायनर!

रिपोर्ट आले त्या दिवशी ओसरीवर पंचवीस-तीस माणसं बसली होती. मी मुद्दाम बाहेर आले आणि मोठ्यानं म्हणाले, "आजी, अर्धं सुनेनं आणलं, आणि अर्धं तुम्ही दिलंत बरं का!" ओसरी हसली. सुनेनं मान वर केली. मला वाटलं, जिंकले!

आजी हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "मंग माझ्या दोन पोरी पांढऱ्याफटक पडून गेल्या, त्या पन यानंच का वो?"

दोघांकडून आलं असेल तरच तसं होतं. त्यांच्या मालकांचं रक्त तपासायला मालकच राहिले नव्हते.

"जावेची नजर लागली म्हनून चाळीस वर्सं तिच्याशी बोलले न्हाय मी," आजी म्हणाल्या. "आता तीबी गेली."

*

कॉलेजमध्ये घेतलेल्या आमच्या शिबिरात तपासलेला एक तरुण रिपोर्ट घ्यायला आला. मी म्हटलं, "घाबरायचं काही नाही, तू मायनर आहेस."

तो गोरामोरा झाला. "मॅडम, एकोणीस पूर्ण झाली मला! आधार कार्ड दाखवू का?"

हा किस्सा मी किती ठिकाणी सांगितला असेन! तीन-चार वर्षांनी तळा गावात एका हळदीतही सांगितला. गाव सांगितलं, मुलाचं आडनाव सांगितलं, त्याच्या बोलण्याची नक्कलही केली. मांडव हसून लोळला. त्या मांडवात एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या भाचीचं याच मुलाशी ठरलं होतं.

आठ दिवसांत सोयरीक मोडली. मुलीचं रक्त कोणी तपासलंसुद्धा नव्हतं. ती वाहक नसती तर त्यांच्या मुलांना मेजर व्हायचा प्रश्नच नव्हता. हे समजावायला मी मुलीच्या घरी गेले. तिचे वडील दारातच म्हणाले, "मॅडम, तुम्ही समजावता की हसवता, ते आधी ठरवा."

तो मुलगा पुढे बाजारात एकदा भेटला. वळून दुसऱ्या गल्लीत गेला.

*

दिघीच्या शिबिराला जायचं तर आगरदांड्याहून फेरीबोट. तिथे जेटीवर दाऊदचाचा आंबे विकायचे. बोटीला उशीर होता, माझ्या मोबाइलमध्ये रंगांधळेपणा तपासायची ठिपक्यांची चित्रं होती. गंमत म्हणून मी रांगेतल्या एकेकाला दाखवत सुटले. सगळ्यांना ठिपक्यांत आकडा दिसला, चाचांना नाही. दुसरं चित्र दाखवलं, तिसरं दाखवलं. नाहीच!

मी लगेच मास्तरीण झाले. "चाचा, तुम्हाला लाल-हिरवा नीट कळत नाही. हे आईकडून मुलात येतं, आणि आईला स्वतःला बहुधा काहीच नसतं."

चाचा गोंधळले. "पण बेटी, आंबा तयार झाला की नाही ते तर वासावरूनच ओळखतात ना? सगळे तसंच ओळखतात ना?"

अख्खी रांग हसली. मीही हसले. खरंच गोड बोलले होते ते.

पुढच्या खेपेला जेटीवर पोचले तर दोन गिऱ्हाईकं त्यांच्यापुढे आंबा नाचवत होती. "चाचा, ह्याचा रंग कुठला सांगा!" चाचा मान खाली घालून पेंढा सारखा करत होते. मी जवळ गेले. त्यांनी मला पाहिलं आणि टोपलीवर फडकं ओढलं. "आज नाही विकायचे," म्हणाले.

*

नवरा-बायको दोघं मायनर आणि थोरली मुलगी मेजर. मी त्यांना दोन पिशव्यांतले मणी काढून दाखवले, पाटीवर चौकोन काढला. "चारात एकाला धोका," असं सांगून स्वतःवरच खूश झाले. निघताना बजावलं, "पुढचं मूल ठरवाल तेव्हा आधी या."

ती आली, पण पाचव्या महिन्यात. मी ओरडलेच, "आधी का नाही आलात?"

ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगितलंत ना, चारात एक. आमचं ते एक होऊन गेलं. आता तीन बिनघोर!"

दर खेपेला तोच धोका नव्यानं असतो, हे एक वाक्य मी पाटीवरच्या चौकोनाच्या नादात बोललेच नव्हते. धावपळ करून तिला पोटातल्या बाळाच्या तपासणीसाठी मुंबईला पाठवलं. रिपोर्ट यायला जितके दिवस लागले तितके दिवस मी कदमकाकांच्या नजरेला नजर दिली नाही. बाळ मायनर निघालं. ती पेढे घेऊन आली, माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला वर उठवलं, पण "चूक माझी होती," हे मात्र आजतागायत तिला सांगितलेलं नाही.

*

आणि हा एक.

एका लेकराला मेजर. आई-बाप तपासणीला आले. भातशेती करणारी माणसं, बाप फार कमी बोलणारा. आईचा रिपोर्ट मायनर, बापाचा अगदी नॉर्मल. साध्या तपासणीत न दिसणारा वाहकही क्वचित असतो, हे मला पाठ होतं. पण दोन्ही कागद शेजारी धरले आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "ह्यांच्यात तर नाही! मग आलं कुठून?"

कदमकाकांनी हातातली बाटली खाली ठेवली. ती बाई भिंतीकडे बघायला लागली. बाप म्हणाला, "तू बाहेर बस जरा, पोराला पानी दे." ती गेली.

मी घाईघाईनं सावरायला लागले. "मशिनची चूक असेल. पुन्हा तपासू. वरच्या लॅबला पाठवू, तिथे बारकाईनं बघतात."

"पुन्हा नको."

"अहो, पण कधी कधी—"

"मॅडम," तो उठून उभा राहिला, "पोराला रक्त लागतं तवा तीन-तीन महिन्यांनी मी देतो. देन्याआधी तिथं तपासत्यात. दर टायमाला जुळतंच म्हनत्यात."

माझ्या हातातला त्याचा रिपोर्ट त्यानं घेतला आणि घडी करून खिशात घातला.

"मंग तुम्ही अजून काय तपासताय?"