पाणमांजरं किती आणि तज्ज्ञ किती

"हा 'तज्ज्ञ ब' म्हणजे रघूच," काकू म्हणाल्या. "चाळीस! त्याला सगळंच चौपट दिसतं."

"आणि 'अ' आमचे गुरुजी," रघूदादा म्हणाला. "चार म्हणे! चष्म्याचा नंबर तरी बदला गुरुजी."

मी नावं झाकली होती. तरी कागद समोर ठेवल्याबरोबर तिघांनीही एकमेकांना ओळखलं.

आमच्या खाडीत पाणमांजरं किती, हे कुणी कधी मोजलेलं नाही. अशा वेळी जाणकारांना ठरलेल्या पद्धतीने विचारतात. प्रत्येकाने एकट्याने सांगायचं: कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, आणि मनाला पटणारा आकडा कोणता. मग सगळ्यांचे आकडे नावांशिवाय सगळ्यांसमोर ठेवायचे, चर्चा करायची आणि पुन्हा एकट्याने विचारायचं. माणूस शेजाऱ्याच्या भिडेने आकडा बदलू नये, म्हणून नावं झाकायची.

माझे तज्ज्ञ तीन. निवृत्त गुरुजी रोज खाडीकाठी फिरतात. सुगंधाकाकू ओहोटीला चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढतात. रघूदादाची जाळी पाणमांजरं फाडतात, त्यामुळे त्याच्या आकड्यात थोडा राग होता. काकूंचा आकडा वीस.

मी देवरूखच्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. पाणमांजरं मोजायच्या प्रोजेक्टमध्ये महिनाभराच्या ट्रायलवर होते. पण आईने वाडीत पेढे वाटून टाकले होते. प्रोजेक्टच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "तुला जमलं नाही तर पुण्याहून कुणाला तरी बोलवीन." आता काम गेलं तर वाडीत पेढ्यांचं काय सांगणार?

भांडण थांबेना. शेवटी मी घाबरत म्हटलं, "दुसरी फेरी उद्या घेऊ या का?"

"घे गो. रात्रभर विचार करू दे ह्यांना," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिघांना वेगवेगळं विचारलं. गुरुजी म्हणाले, दोन. काकू म्हणाल्या, दोन. रघूदादा पायाकडे बघत म्हणाला, "दोन धर."

"चाळिसाचे दोन कसे झाले?"

"विचार केला."

मॅडम संध्याकाळी आल्या. तक्ता बघून खूश झाल्या. "इतकी एकवाक्यता मी कुठेच पाहिली नाही! छान काम केलंस." ट्रायल संपली असं त्या जवळजवळ म्हणणारच होत्या.

पण माझ्या लॅपटॉपमध्ये दुपारीच उतरवून घेतलेले फोटो होते. पाणमांजरं बसतात त्या खडकासमोर मी कॅमेरा ट्रॅप बांधला होता. समोर काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. चोरीला जाईल म्हणून गावात कुणाला सांगितलं नव्हतं.

"मॅडम, एक दाखवायचं होतं," मी म्हटलं.

पहिल्या फोटोत पहाटेच्या उजेडात माकडटोपी घातलेले गुरुजी, कांदळवनात दडून दुर्बीण लावलेले. दुसऱ्यात त्यांच्या मागच्या झुडपातून काकूंची छत्री. तिसऱ्यात रघूदादा, खडकावर बांगडे मांडताना. तिघंही एकमेकांना खोटं पाडायला आले होते आणि पाणमांजर काही कुणाला दिसलं नव्हतं. एवढी गर्दी असल्यावर येणार कोण? शून्य म्हणायला मात्र कुणाची जीभ रेटली नाही, म्हणून प्रत्येकाने दोनचा आकडा सांगितला होता.

तिघं गेल्यानंतरचा शेवटचा फोटो. खडकावर एक पाणमांजर आरामात रघूदादाचा बांगडा खात होतं.

मॅडम पुसून पुसून चष्म्याची काच झिजवायच्या बेतात होत्या. हसून डोळ्यांत पाणी आलं होतं.

"दुसरी फेरी बाद," त्या म्हणाल्या. "नव्याने घ्यावी लागेल."

"पुण्याहून कोण येणार?"

"कुणी नाही. असले तज्ज्ञ सांभाळायला तूच लागशील."

तेव्हापासून मी दोन्ही फेऱ्या एकाच बैठकीत घेते. मधे फक्त चहा. आणि चहा संपेपर्यंत कुणाला खाडीकडे जाऊ देत नाही.